वाफसा, वाळू आणि ऑल-टेरेन टायर

गेल्या पावसाळ्यात पिकअपला नवे ऑल-टेरेन टायर घातले. उंच गट्टू (नक्षीतले रबराचे ठोकळे), दोन गट्टूंच्या मधे बोट जाईल एवढी खाच, कडेलाही दाते. दुकानातून निघताना गाडी दोन इंच उंच झाल्यासारखी वाटत होती. बहुधा गाडी नव्हे, मीच उंच झालो होतो. आठवड्याभरात परभणीजवळच्या शेतात जायचं निघालं. डांबरी सोडून पांदणीत शिरलो आणि चाळीसेक फुटांवर गाडी फसली. चाकं जागच्या जागी फिरत होती. बांधावर उभे असलेले शेजारचे मामा बराच वेळ शांतपणे बघत राहिले आणि मग म्हणाले, "वाफसा नाही आला अजून, अन् तुम्ही गाडी घातली?"

खाली उतरून पाहिलं तर ती महागाची नक्षी दिसतच नव्हती. खाचा मातीनं काठोकाठ भरल्या होत्या आणि टायर लोण्याच्या गोळ्यासारखा गुळगुळीत झाला होता. नाव 'सगळ्या जमिनींचा टायर', आणि मराठवाड्याच्या जमिनीनं त्याला चाळीस फुटांत गप्प केलं.

असं का होतं, हे समजायला टायर बाजूला ठेवून आधी मातीकडे बघावं लागतं. डांबरावर पकड मिळते ती रबर खडीच्या बारीक खाचखळग्यांत दबून बसतं म्हणून. मातीत गोष्ट वेगळी. तिथे गट्टू जमिनीत घुसतो आणि मातीचा एक तुकडा मागे ढकलतो. तो तुकडा खालच्या मातीला घट्ट धरून राहिला तर गाडी पुढे जाते, तुटला तर चाक जागेवर फिरतं. म्हणजे प्रश्न रबर मातीला किती धरतं हा नसतोच. माती मातीला किती धरते, हा असतो.

त्याचं उत्तर शार्ल कुलोम्ब या फ्रेंच लष्करी अभियंत्यानं १७७३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं. त्याच्यापुढे प्रश्न किल्ल्यांच्या भिंतींचा होता: मागच्या मातीच्या दाबानं त्या का ढासळतात? त्यानं सांगितलं की मातीची ताकद दोन गोष्टींतून येते. एक, कण एकमेकांना चिकटून असतात तो चिकटपणा. दोन, कणाकणांतलं घर्षण, जे वरून जितकं वजन पडेल तितकं वाढतं. कोरड्या वाळूत चिकटपणा जवळपास शून्य, सगळी मदार घर्षणावर. ओल्या चिकणमातीत बरोबर उलटं: पाणी कणांच्या मधे अडकलेलं असतं, वरचं वजन तेच पाणी पेलतं, घर्षण वाढत नाही आणि उरतो फक्त चिकटपणा.

म्हणून 'मागे चार पोती टाका, गाडी निघेल' हा सल्ला कधी लागू पडतो, कधी अंगाशी येतो. मुरमाच्या चढावर रिकाम्या पिकअपचं मागचं चाक घसरत असेल तर पोती कामाला येतात. ओल्या काळ्या मातीत त्या पोत्यांनी पकड वाढत नाही, गाडी तेवढी आणखी खाली जाते.

काळ्या मातीची खोड तिच्या खनिजात आहे. बेसाल्ट झिजून बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइटच्या गटातली चिकणखनिजं भरपूर असतात. कागदाच्या चळतीसारखे त्यांचे पातळ थर, आणि पाणी थेट दोन थरांच्या मधे शिरतं. माती फुगते, लोण्यासारखी होते; उन्हाळ्यात तेच पाणी गेलं की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोकणातल्या तांबड्या मातीत प्रामुख्यानं केओलिनाइट आणि लोहाची ऑक्साइडं. केओलिनाइटचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, पाण्याला आत वाट मिळत नाही. त्यामुळे तोच टायर, तोच पाऊस, पण रत्नागिरीकडच्या लाल रस्त्यावर गाडी चिखल उडवत निघून जाते आणि परभणीत ट्रॅक्टर शोधावा लागतो.

वाफसा हा शब्द खरं तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकात जायला हवा. जास्तीचं पाणी निचरून गेलंय, मातीच्या पोकळ्यांत पुन्हा हवा शिरलीय, पण ओल टिकून आहे, अशी स्थिती. बियाणं, पाभर आणि टायर, तिघांनाही तीच मानवते.

मग चिखलात काय चालतं? मड-टेरेन टायर, कारण त्याच्या पृष्ठभागाचा जवळपास निम्मा भाग खाच असतो. चाक जोरात फिरलं की माती बाहेर फेकली जाते आणि गट्टू पुन्हा मोकळे होतात. साध्या रस्त्याच्या टायरला खाच साधारण पाव भाग. ऑल-टेरेन या दोघांच्या मधे बसतो, आणि काळ्या मातीला ही मधली जागा पुरत नाही. ट्रॅक्टरचं मागचं चाक बघा: प्रचंड आकार, तिरके दाते, त्यांच्यात वीतभर मोकळी जागा आणि आत हवा अगदी कमी. भातखाचरात चिखलणीला तर त्याला लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात, रबराचं नावच नको.

हवेचा मुद्दा मात्र आपल्या हातातला आहे, आणि माझ्या मते नक्षीपेक्षा तो मोठा आहे. एका चाकावर ६०० किलो वजन आणि टायरमधे ३५ पीएसआय हवा धरा. ३५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो. ६०० ला अडीचनं भागलं की आले २४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे टायर जमिनीला टेकतो ती जागा, दोन तळव्यांएवढी. हवा १८ पीएसआयवर आणली की तीच जागा ४७० च्या आसपास जाते. टायरच्या कडेच्या भिंती स्वतः थोडं वजन पेलतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा जरा कमी येईल, पण ठसा जवळजवळ दुप्पट होतो हे खरं. आणि तो रुंदीत फारसा वाढत नाही, लांबीत वाढतो, छोट्या रणगाड्याच्या पट्ट्यासारखा; वजन जास्त जागेवर पसरतं आणि गाडी कमी रुतते.

राल्फ बॅगनोल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९२०-३० च्या दशकांत फोर्ड गाड्या घेऊन इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात मोहिमा केल्या, त्या याच युक्तीवर: टायरमधली हवा सोडायची, फसलं की चाकाखाली लोखंडी पन्हाळी सरकवायची. पुढे १९४१ मध्ये त्यानं वाळूच्या हालचालींच्या भौतिकशास्त्रावर ग्रंथ लिहिला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या जलस्थलगामी 'डक' ट्रकमधे चालकाला जागेवर बसून टायरमधली हवा कमी-जास्त करता येई. वाळूत उंच गट्टू उलट नडतात; ते खणत बसतात. (हे वाचून कोकणच्या किनाऱ्यावर गाडी घालू नका. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत कासवं अंडी घालतात आणि भरतीला टायरची कंपनी कळत नाही.)

हवा सोडली तर वेग ताशी २५-३० च्या वर न्यायचा नाही आणि डांबरीला लागताच परत भरायची. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, रबर वाकताना तापतं आणि तापलेला टायर हायवेवर फुटतो. सिगारेट लायटरवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर गाडीत नसेल तर हवा सोडूच नये.

एवढं असूनही मी ऑल-टेरेन काढून टाकलेले नाहीत. कारण चिखल नाही, दगड. घाटातलं अर्धवट काम, खाणीकडचा रस्ता, मुरमातून वर आलेली बेसाल्टची धारदार कपची. रेडियल टायरच्या भिंतीत दोरे एकाच दिशेनं, रिमपासून नक्षीकडे धावतात. त्यामुळे भिंत लवचिक राहते, पण कपचीनं दोन दोऱ्यांच्या मधे वाट केली की उभी चीर जाते. नक्षीतला खिळा पंक्चरवाला काढून देतो. भिंतीतल्या चिरेला तो हात लावत नाही, आणि लावत असेल तर दुसरा पंक्चरवाला शोधा. जाड भिंत आणि कापलं न जाणारं कडक रबर, ऑल-टेरेनचे पैसे मी यासाठी मोजतो.

त्याची किंमत डांबरावर चुकवावी लागते. कडक रबर खडीच्या बारीक खळग्यांत नीट दबत नाही, त्यात बरीच जागा खाचांनी खाल्लेली. नुकताच पाऊस पडून रस्ता नुसता ओला असेल तेव्हा ब्रेक लागायला जास्त अंतर जातं. रिकाम्या पिकअपचं मागचं अंग आधीच हलकं, तिथे हे जास्त जाणवतं. पाणी साचलेलं असेल तर मात्र खोल खाचा उपयोगी पडतात. १९६० च्या दशकात 'नासा'त विमानांच्या टायरवर काम करताना एक सूत्र हाती आलं: साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. नक्षी पाण्यात बुडालेली असेल तर ३५ पीएसआयला हा वेग ताशी साधारण ९८ किलोमीटर, २५ पीएसआयला ८३. पावसाळ्यात द्रुतगती मार्गावर निघण्याआधी हवा का बघायची, ते यात आलं.

आवाजाचं गणित गमतीचं आहे. प्रत्येक गट्टू रस्त्यावर आपटतो आणि खाचेतली हवा दाबून बाहेर काढतो. सगळे गट्टू एकाच लांबीचे असते तर एकच सूर सतत वाजला असता, भोंग्यासारखा. म्हणून कारखान्यात गट्टूंच्या लांब्या मुद्दाम कमी-जास्त ठेवतात, म्हणजे सूर विखुरतो आणि कानाला नुसती घरघर वाटते. पुढचे-मागचे टायर वेळेवर आलटून-पालटून घातले नाहीत तर गट्टू एका कडेनं जास्त घासतात आणि ही मेहनत वाया जाते. मी दर आठ हजार किलोमीटरला बदलतो. आळस केला तेव्हा मागच्या सीटवरच्या आईनं विचारलं होतं, "विमान आहे का रे हे?"

घेताना नक्षीआधी भिंतीवरचे आकडे वाचा. ११२ हा भारांक म्हणजे एका टायरला १,१२० किलो, १२१ म्हणजे १,४५० किलो. आकड्यांआधी 'एलटी' असेल तर तो हलक्या ट्रकचा टायर. तेवढंच वजन पेलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते, दारावरच्या चिकटपट्टीत कंपनीनं सुचवलेला हवेचा आकडा तसाच चालत नाही. उंची वाढवण्याचा मोहही बऱ्याच जणांना होतो. २६५/६५ आर १७ (रुंदी मिलिमीटरमधे, भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, रिम किती इंची) च्या जागी २६५/७० आर १७ घातला तर चाकाचा व्यास ७७६ वरून ८०३ मिलिमीटर होतो. वेगाचा काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी त्याच्या साडेतीन टक्के पुढे असते आणि चढावर तेवढाच जोर कमी पडतो. भिंतीवरच्या 'डीओटी' ओळीतले शेवटचे चार अंक निर्मितीचे: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर नक्षी शाबूत असली तरी म्हातारा असतो. आणि कायद्यानं चारचाकीला १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, पण त्या खोलीचा ऑल-टेरेन नावापुरताच ऑल-टेरेन.

यंदा जुलैत पुन्हा शेतात गेलो. गाडी डांबरीवर लावली आणि पांदणीत चालत शिरलो. दहा पावलांत दोन्ही चपलांखाली किलो-किलो माती जमली, पाय उचलेनात. मामा पुढे अनवाणी झपाझप चालले होते.