बिनबियांच्या काकडीचं बी येतं कुठून?

पॉलिहाऊसमधल्या बिनबियांच्या काकडीचं बियाणं दाणे मोजून विकतात. साध्या काकडीच्या वेलावर नर फुलं झुबक्याने येतात, मादी त्या मानाने कमी. या वेलाला मात्र पेऱ्यापेऱ्याला मादी फूल येतं आणि परागाशिवायच त्याची काकडी होते. शेतकरी खूश, पण पैदासकाराची पंचाईत: नर फूलच नाही, मग पुढच्या पिढीचं बी धरायचं कसं?

काकडीत मादी फूल घडवतो इथिलीन वायू, तोच जो केळी पिकवतो. चांदीचे आयन वेलाला हा इथिलीनचा इशारा कळूच देत नाहीत, आणि त्याच वेलावर नर फुलं येतात. याआधी, 1960 पासून, यासाठी जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक वापरत. त्याने नर फुलं येतात, पण वेल लांबट होतो.

एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात 250 मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे चांदीचा क्षार, विरघळवा. नळाचं पाणी चालत नाही. त्यातल्या क्लोराइडशी चांदी बांधली जाते, द्रावण दुधाळ होतं आणि फवारणी वाया जाते. रोप दोन खऱ्या पानांवर (बीजदलं सोडून) असताना संध्याकाळी शेंडा ओला होईल इतपत फवारायचं, आठवड्याने पुन्हा एकदा. मात्रा वाढवली की पानांच्या कडा करपतात. हातमोजे घाला, नाहीतर बोटांवर काळे डाग पडतात आणि ते दिवसेंदिवस जात नाहीत. अर्धीच रोपं फवारायची. उरलेली मादी म्हणून राखायची. फवारलेल्या वेलाची काकडी खाऊ नये.

नर फुलं काही पेऱ्यांपुरतीच येतात, मग वेल पुन्हा मादी फुलांवर जातो. म्हणून तारखा गाठणं महत्त्वाचं. उद्या उमलणारी कळी टोकाला पिवळी दिसते. अशा नर आणि मादी कळ्या आदल्या संध्याकाळीच कापसाने बंद करायच्या. सकाळी दहाच्या आत नर फुलाच्या पाकळ्या काढून परागकोश मादीच्या कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मधल्या चिकट टोकावर, हलकेच फिरवायचा, फूल पुन्हा बंद करून तारखेची चिठ्ठी बांधायची. फळ पिवळं-तपकिरी व्हायला महिनाभर तरी लागतो. हिरवं काढलं तर बी पोचट निघतं.

काकडी खरंच परागाशिवाय धरते का, हे तपासणं सोपं आहे. मादी कळी बारीक जाळीत बंद करून तशीच सोडा. साध्या वाणात कळीमागची इवली काकडी पिवळी पडून सुकते. या वाणात ती वाढत राहते. जाळी फाटकी असली तर परीक्षा फसते: मधमाशी आत शिरते, फळात बी धरतं, टोक फुगून काकडी बेढब होते. मग दोष वाणाचा की जाळीचा, हेच कळत नाही.

आणि वेलावर खरंच फक्त मादी फुलं येतात का, ही पाहणी हिवाळ्यावर सोडू नये. डिसेंबरात अस्सल मादी वाटलेल्या वाणावर एप्रिलच्या उन्हात, लांब दिवसांत, नर फुलं डोकावू शकतात.