एसीएल ऑपरेशनसोबत स्टेम सेल घ्यायचं का? पैसे भरायच्या आधी हे वाचा

ब्रेसचं माप द्यायला आलेले बरेच जण हल्ली विचारतात, एसीएलच्या (गुडघ्यात मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा पट्टा) सर्जरीसोबत स्टेम सेल (ज्यांच्यापासून नव्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) टाकून घेऊ का, लवकर भरतं म्हणे. आम्ही ब्रेस विकतो आणि फिजिओ करतो, स्टेम सेल विकत नाही, तेव्हा आम्हाला माहितीये ते सरळ सांगतो, बाकी निर्णय तुमचा आणि तुमच्या सर्जनचा.

आधी आत काय चालतं ते बघा. तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवायला मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन (स्नायूबंध) काढतात, यालाच ग्राफ्ट म्हणतात, मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदा पाडून त्यातून ओवतात आणि स्क्रू नाहीतर बटणाने धरून ठेवतात. हा स्क्रू म्हणजे स्लॅबखालचं सेंट्रिंग समजा, खरी पकड टेंडन हाडात मुरल्यावरच, आणि हॅमस्ट्रिंगला त्यासाठी साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. त्यात ग्राफ्टचा रक्तपुरवठा तुटलेला, त्यामुळे जुन्या पेशी मरतात, नव्या शिरतात, रक्तवाहिन्या नव्याने येतात, आणि या भानगडीत दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ग्राफ्ट सगळ्यात कच्चा असतो. नेमकी तेव्हाच सूज उतरलेली, दुखणं थांबलेलं, मग काय, पोरगं थेट कबड्डीच्या मैदानावर!

स्टेम सेलची आयडिया या कच्च्या काळासाठीच आहे. कमरेच्या हाडातून सुईने बोनमॅरो (हाडातला मगज, त्यात थोड्या स्टेम सेल असतात) ओढायचा, मशीनमध्ये गरागरा फिरवून घट्ट करायचा आणि ग्राफ्टला किंवा बोगद्यात द्यायचा. आयडिया वेडगळ नाहीये बरं का. २००४ मध्ये सशांवरच्या प्रयोगात टेंडनला स्टेम सेल लावल्या तर टेंडन आणि हाडाच्या मध्ये कूर्चेसारखा थर तयार झाला, अगदी नैसर्गिक जोडात असतो तसा, आणि पकडही सुधारली. पण माणसात तेवढी मजा आली नाही. पोर्तुगालच्या डॉक्टरांनी बोगद्यात बोनमॅरोच्या पेशी देऊन तीन महिन्यांनी एमआरआय काढला, २०१४ चा पेपर आहे, फरक दिसला नाही. नंतर अमेरिकेतल्या एका ट्रायलमध्ये एमआरआयवर थोडा फरक दिसला, पण पेशंटच्या गुडघ्याला तो जाणवला नाही. एक कारण असं असू शकतं की सशांना लॅबमध्ये वाढवलेल्या भरपूर पेशी मिळाल्या, आणि ताज्या बोनमॅरोत कामाच्या पेशी जेमतेम ०.००१ ते ०.०१ टक्के.

आपल्याकडचा नियमही माहिती असू द्या. आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणे रक्ताच्या काही आजारांसारखे ठरलेले उपयोग सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच द्यायच्या. म्हणजे कुणी पॅकेज सांगितलं तर पहिलं विचारा, ही ट्रायल आहे का, सीटीआरआय (ट्रायलची सरकारी नोंदवही) नंबर काय, आणि ट्रायल असेल तर माझ्याकडून पैसे कसले घेताय? आणि हो, पीआरपी वेगळं, त्यात तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स असतात, ते स्टेम सेल म्हणून खपवलं तर तिथेच थांबा.

मग लवकर बरं व्हायला करायचं काय, तर कंटाळवाणं काम. पहिले काही आठवडे गुडघा पूर्ण सरळ होणं महत्त्वाचं: टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्याखाली काहीच नाही, आणि दहा मिनिटं तसंच पडून राहायचं. लोक उशी गुडघ्याखाली घेतात, बरं वाटतं, पण गुडघा वाकडाच राहतो. तंबाखू-सिगारेट बंद, भरून यायला त्याने खरंच उशीर होतो. आणि खेळायची घाई नको. नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत खेळ जेवढे महिने पुढे ढकलला त्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने कमी झालं. एवढा फायदा दाखवणारं इंजेक्शन आम्ही तरी पाहिलेलं नाही, आणि थांबायला पैसे पडत नाहीत. नऊ महिने झाले तरी ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद दुसऱ्याच्या निदान ९० टक्के भरल्याशिवाय आम्ही ग्राउंडवर जा म्हणत नाही, मग तुम्ही कितीही तोंड वाकडं करा.

पहिल्यांदा येताना ऑपरेशनची नोट आणा, नुसती डिस्चार्जची फाइल नको. ग्राफ्ट कुठला घेतला आणि मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) शिवलाय का ते त्यात असतं, त्यावरच ब्रेस किती डिग्रीला लॉक करायचा आणि पायावर वजन कधी टाकायचं ते ठरतं.