मराठवाड्यातील क्विअर राजकारण आणि मानसोपचार : डावा विचार

समलिंगी, द्विलिंगी आणि पारलिंगी (ट्रान्स) माणसांच्या मानसिक त्रासाचे मूळ जमीन, मजुरी, जात आणि कुटुंब यांच्या रचनेत शोधणारी भूमिका. उपचार नकोत असे ती म्हणत नाही. उपचार घेऊन माणूस त्याच जाचात निमूटपणे नांदू लागला, तर त्याला बरे झाले म्हणायचे का, असा तिचा प्रश्न आहे.

मराठवाड्यात हा प्रश्न ऊसतोडीच्या फडातून नीट दिसतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. मुकादम उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर हा ‘अर्धा कोयता’. लग्न इथे रीत आहे तसेच मजुरीचे माप आहे. ज्या मुलाला पुरुष आवडतो किंवा ज्या मुलीला नवराच नको, त्यांच्यावरचा दबाव ‘लोक काय म्हणतील’ एवढ्यावर भागत नाही. घरावरची उचल त्यांच्या लग्नाच्या भरवशावर फिटायची असते. मार्क्सचे सहकारी फ्रेडरिक एंगल्स यांनी १८८४ मध्ये कुटुंबाची घडण मालमत्तेशी जोडून दाखवली. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यांच्या घरात ती मजुरीशी जोडलेली दिसते. अशा मुलाला ‘स्वतःला स्वीकार’ एवढेच सांगणारे समुपदेशन अपुरे पडते. शिवाय जो वर्षातले पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहतो, त्याने दर आठवड्याच्या भेटीला यायचे कसे?

लिंगभावावर पहारा ठेवण्याचा इतिहास या भागाला आहे. हैदराबाद संस्थानात १३२९ फसली (१९१९) मध्ये तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवणारा आणि स्त्रीवेषात दिसल्यास अटकेची मुभा देणारा कायदा झाला. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. देवीच्या सेवेत जोगत्याला जागा होती, पण तिथे पोट भरायचे ते जोगवा मागून. त्या जागेला मोकळीक म्हणणे घाईचे होईल.

वैद्यकाने आपली चूक उशिरा दुरुस्त केली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारताच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने (२०१७) समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक वा राजकीय मूल्यांशी न जुळणे हा मनोविकार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले. लैंगिक कल ‘बदलण्याचे’ उपचार राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तरीही ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हा सल्ला घरातून, भगताकडून आणि कधी डॉक्टरकडूनही मिळतो.

डाव्यांचा स्वतःचा हिशेबही स्वच्छ नाही. क्रांतीनंतर रशियाच्या १९२२ च्या दंडसंहितेत पुरुषांमधील समलिंगी संबंध गुन्हा नव्हते. १९३४ पर्यंत स्टालिनच्या राजवटीने ते पुन्हा गुन्हा ठरवले. भारतात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने २०१४ च्या जाहीरनाम्यात कलम ३७७ मधून हे संबंध वगळण्याची भूमिका घेतली. पण ‘आधी वर्ग, मग बाकीचे’ ही सबब चळवळीत फार काळ चालली, आणि ती चुकीची होती. मराठवाड्याने हे आधीच ओळखायला हवे होते. १९७८ ते १९९४ या नामांतराच्या काळात दलितांनी घरे जळताना पाहिली, तरी विद्यापीठाच्या नावाचा आग्रह सोडला नाही. त्या आग्रहाला भाकरीपुढचा किरकोळ प्रश्न म्हणणारे तेव्हाही होते. शाळेच्या दाखल्यावर आपले नाव व लिंग बदलून मागणारी ट्रान्स व्यक्ती त्याच सन्मानाची मागणी करते.

म्हणून या भूमिकेच्या मागण्या साध्या असतात : जिल्हा रुग्णालयात गुप्तता पाळणारे प्रशिक्षित समुपदेशक, घर सोडावे लागलेल्यांना निवारा, एकट्या मजुराला पुरी मजुरी. माजलगावच्या एका पोलीस शिपायाने २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती नाकारली गेली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि शस्त्रक्रिया २०१८ मध्ये मुंबईच्या सरकारी रुग्णालयात झाली. त्यानंतर तो पुरुष शिपाई म्हणून त्याच नोकरीत रुजू झाला.