वणवा विझला की आधी ओढे बघा, झाडं नंतर

मार्च-एप्रिलमधी बालाघाटच्या डोंगरात नाहीतर किनवटच्या सागवानात वणवा लागतो, दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरतात आणि मग सगळ्यांचं एकच ठरतं, पावसाळ्यात तिथं झाडं लावू. हेतू चांगलाच आहे. पण जळालेल्या डोंगराची त्या घडीची गरज म्हणजे माती जागेवर राहणं, कारण आपल्याकडं बेसॉल्टवर माती असतीच किती, वीतभर, तिच्याखाली मुरूम, आणि मृगाचा पाऊस यायला जेमतेम दोन महिने उरलेले.

गवत-पाचोळा असला की पावसाचा थेंब त्याच्यावर फुटतो आणि पाणी सावकाश मुरतं. ते जळालं की थेंब थेट मातीवर आपटतो, बारीक कण आणि राख मिळून मातीची भोकं बुजवतात आणि पाणी वरच्या वर पळतं. जिथं ओंडके किंवा दाट झुडपं बराच वेळ धुमसत राहिली तिथं अजून एक होऊ शकतं, पाल्यातला मेणचट अंश वाफ होऊन खाली मातीत थिजतो आणि माती पाणी घेतच नाही. बघायचं असेल तर राख बाजूला सारून थोडं पाणी टाका, थेंब न मुरता तसाच गोल बसून राहिला की समजायचं. गवताची आग पळती असते, तिथं हे कमी होतं, पण पांघरूण गेल्याचं नुकसान होतंच.

आता हिशेब बघा. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. 40 हेक्टरचा उतार आणि एका दुपारी 50 मिलिमीटर पाऊस, झाले 2 कोटी लिटर. त्यातलं न मुरलेलं सगळं एकाच ओढ्याला जाणार असेल तर तो ओढा कोणता, हे आधी माहीत नको का?

इथं पाणलोटाचा नकाशा लागतो. एका ओढ्याला जिथून जिथून पाणी येतं तेवढी जमीन म्हणजे त्याचा पाणलोट, आणि तो गट नंबर, शिवार, तालुका काहीच मानत नाही. जळतं एका गावचं गायरान, गाळ जातो खालच्या गावच्या पाझर तलावात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 च्या नकाशावर दर 20 मीटर उंचीला एक अशा समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा असतात, त्या जवळजवळ आल्या की उतार तीव्र. उपग्रहाचा उंचीचा डेटा फुकट मिळतो, क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअरपण फुकट आहे, त्यात ओढे आणि पाणलोटाच्या हद्दी काढता येतात. त्याच्यावर सेंटिनेल-2 उपग्रहाचं वणव्याआधीचं आणि नंतरचं चित्र ठेवायचं. हिरवा पाला एका प्रकारचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश जास्त परावर्तित करतो, जळालेली जमीन दुसऱ्या प्रकारचा, त्या फरकावरून कुठं नुसतं गवत करपलं आणि कुठं सगळं जळालं ते कळतं.

दोन्ही नकाशे एकावर एक आले की प्राधान्य आपोआप दिसायला लागतं. तीव्र उतार, जास्त जळालेलं, आणि खाली वस्ती किंवा तलाव, असा पाणलोट आधी घ्यायचा, मग तो आकारानं लहान का असेना. अमेरिकेत मोठ्या वणव्यांनंतर तिथली भूगर्भ सर्वेक्षण संस्था असेच पाणलोटवार धोक्याचे नकाशे काढते. कॅलिफोर्नियात डिसेंबर 2017 च्या थॉमस वणव्यानंतर 9 जानेवारी 2018 ला पाऊस झाला आणि जळालेल्या डोंगरावरून चिखल-दगडाचा लोंढा माँटेसिटो गावावर आला, 23 जण गेले. आपले डोंगर तेवढे उंच नाहीत, पण पाणी कुठून पळणार आणि कुठं येऊन धडकणार हा प्रश्न इथंही तोच आहे.

काम माथ्याकडून सुरू करायचं. नकाशावर सगळ्यात वरच्या बारीक घळी दिसतात, त्यांच्यात तिथलेच दगड रचून अनगड दगडी बांध घालायचे, जळालेल्या फांद्या उताराला आडव्या, समोच्च रेषेवर टाकायच्या, फार उघडं पडलं असेल तिथं उसाचं पाचट नाहीतर सोयाबीनचं भुसकट पसरायचं. जेसीबी लावून पहिल्याच वर्षी अख्ख्या डोंगरावर चर खणायला माझा साफ विरोध आहे. जी वीतभर माती मुळांनी धरून ठेवलीय तीच मोकळी होते आणि पहिल्या पावसात खाली येते.

आणि मुळं जिवंत असतात हो! पळस, सीताफळ, धावडा बुंध्यापासून परत फुटतात, पवना-मारवेल या गवतांचे ठोंब पावसावर उठतात, त्यांना फक्त चराईबंदी पाहिजे, आणि ही बंदी गावानं बसून ठरवली तरच टिकते. मग ऑक्टोबरात उपग्रहाचं चित्र परत काढून बघायचं, जिथं हिरवं आलंच नाही तेवढ्याच तुकड्यात पुढच्या जूनला गवताचं बी आणि रोपं न्यायची.