अ‍ॅस्ट्रोसाइट आणि मायक्रोग्लिया: फांद्या दोघींना, घराणी वेगळी

पुण्यात पदवीच्या विद्यार्थ्यांना मेंदूच्या छेदाची स्लाइड दाखवताना दर वर्षी तीच गफलत होते: फांद्या फुटलेली पेशी दिसली की वहीत ‘अ‍ॅस्ट्रोसाइट’ लिहून मंडळी मोकळी होतात. फांद्या मायक्रोग्लियालाही असतात. मात्र अ‍ॅस्ट्रोसाइट आकाराने मोठी असते आणि तिच्या काही फांद्यांची टोके केशवाहिनीला पाय टेकल्यासारखी चिकटलेली असतात. मायक्रोग्लिया लहानखुरी, लांबट केंद्रकाची आणि बारीक, काटेरी फांद्यांची.

दोघीही चेतापेशींच्या आधारपेशी. पण ज्या भ्रूणस्तरातून चेतापेशी घडतात, त्यातूनच अ‍ॅस्ट्रोसाइट तयार होते, तर मायक्रोग्लियाचे पूर्वज पीतककोशात, म्हणजे भ्रूणाला जोडलेल्या पिशवीत, जन्मून गर्भावस्थेतच मेंदूत वस्तीला येतात. त्यामुळे तिचे नाते महाभक्षक पेशींशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींशी आहे.

दोन चेतापेशींमध्ये संदेश पोचवणारा सांधा म्हणजे सिनॅप्स. अमेरिकी चेताशास्त्रज्ञ बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या दृष्टिपटलातील चेतापेशी एकट्या वाढवल्या, तेव्हा सिनॅप्स थोडेच झाले. अ‍ॅस्ट्रोसाइटच्या सान्निध्यात ते सुमारे सातपट झाल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. अ‍ॅस्ट्रोसाइटमधून स्रवणारी थ्रॉम्बोस्पॉन्डिन ही प्रथिने यामागचे एक कारण असल्याचे २००५ मध्ये कळले. गंमत अशी, की केवळ त्यांच्या जोरावर बनलेला सिनॅप्स दिसायला पुरता, पण मुका असतो. पलीकडच्या पेशीच्या पृष्ठभागावर ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन टिपणारे ग्राही आणायला ग्लिपिकन प्रथिने लागतात, आणि तीही अ‍ॅस्ट्रोसाइटच पुरवते.

मायक्रोग्लियाची ख्याती छाटणीची. वाढत्या मेंदूत सिनॅप्स गरजेपेक्षा जास्त बनतात. एरवी जंतूंवर खूण करणारी सी१क्यू आणि सी३ ही प्रथिने त्यांतल्या काहींवर बसतात आणि ती खूण ओळखून मायक्रोग्लिया त्यांना गिळते.

एवढे ऐकले की एक बांधणारी, दुसरी तोडणारी अशी वाटणी करून विद्यार्थी निश्चिंत होतात. मला ती पटत नाही. अ‍ॅस्ट्रोसाइटही मेग्फ१० आणि मर्टक या ग्राहींच्या साहाय्याने सिनॅप्स गिळते, हे २०१३ मध्ये दिसले. उलट वाढत्या उंदराच्या मेंदूत मायक्रोग्लियाचा स्पर्श झालेल्या जागी चेतापेशीला नवा कोंब फुटताना २०१६ मध्ये नोंदवले गेले. म्हणून उत्तरपत्रिकेत नुसते ‘छाटते’ असेल, तर मी अर्धाच गुण देतो. कोणती खूण ओळखून, हेही लिहिले असेल तर पूर्ण.