मूक जनुक आणि त्याची कळ: मूत्राशयाच्या कर्करोगावरील संशोधनाची पार्श्वभूमी

नाशिकच्या रोपवाटिकांत थंडीच्या दिवसांत पेटुनियाच्या कुंड्या हमखास दिसतात. जनुक मूक करण्याच्या, म्हणजे त्याचे काम थांबवण्याच्या, तंत्राची कथा याच फुलापासून सुरू होते. अमेरिकी संशोधकांनी पेटुनियाचा जांभळा रंग गडद व्हावा म्हणून त्या रंगाच्या जनुकाची जादा प्रत रोपात घातली, पण काही रोपांना चक्क पांढरी फुले आली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कोड्याचा उलगडा १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीवरील प्रयोगांतून केला: दुपदरी आरएनए (जनुकाचा निरोप वाहणाऱ्या रेणूचे दोन धाग्यांचे रूप) पेशीत शिरला, की त्याच्याशी जुळणारा जनुकाचा निरोप पेशी स्वतःच कापून टाकते. २००६ चे नोबेल त्यांना मिळाले. दरम्यान, २००१ मध्ये मानवी पेशींतही आखूड दुपदरी तुकड्यांनी हेच साधता येते, हे सिद्ध झाले होते.

मात्र कर्करोगाच्या पेशीला वाढवणारे जनुक निरोगी पेशीलाही बहुधा लागतेच, त्यामुळे ते कायमचे मूक करणे धोक्याचे ठरते. माझ्या मते या इतिहासातील खरी मोलाची गोष्ट मूक करणे नसून ते हवे तेव्हा चालू-बंद करण्याची कळ हाती येणे ही आहे, आणि गंमत अशी की ती कळ आधीच तयार होती. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची चाहूल घेणारे जिवाणूंचे एक प्रथिन वापरून गोसेन आणि बुयार्ड यांनी १९९२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे मानवी पेशींतील जनुक औषधाच्या मात्रेने नियंत्रित करून दाखवले. पुढे याच प्रथिनाचा पहारा मूक करणाऱ्या आरएनएच्या जनुकावर बसवण्यात आला: डॉक्सिसायक्लिन (टेट्रासायक्लिनच्याच कुळातील औषध) दिले की पहारा उठतो, आरएनए तयार होतो आणि नेमलेले जनुक गप्प बसते, औषध थांबवले की ते पुन्हा बोलू लागते.

या प्रयोगांसाठी मूत्राशयाचा कर्करोग सोयीचा ठरला. या गाठींपासून वाढवलेल्या पेशी प्रयोगशाळांत जुन्या परिचयाच्या आहेत; मानवी कर्करोग-जनुकातील एका अक्षराचा बदल १९८२ मध्ये प्रथम अशाच पेशींत सापडला. शिवाय औषध नळीवाटे थेट मूत्राशयात सोडता येते आणि बीसीजी लस १९७६ पासून तशी दिली जाते. (धूम्रपान हे या रोगाचे मोठे कारण आहे, शेजारच्या सिन्नरची ओळख विडीशी जोडलेली असल्याने नाशिककरांना हा विषय परका वाटू नये.)

जनुकाची कळ दाबण्याचे हे प्रयोग मुख्यतः काचपात्रातील पेशी आणि उंदीर यांच्यापुरतेच झाले आहेत. रुग्णाच्या मूत्राशयात सोडलेले द्रव्य लघवीबरोबर लवकर वाहून जाते आणि जे उरते, त्याला आतील अस्तराचा चिकट थर पेशींपर्यंत सहज पोहोचू देत नाही.