बिनतारी संवेदक जाळे: निरोप पोहोचण्याच्या हमीची पार्श्वभूमी

जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागेत ठिबकच्या नळीशेजारी पुरलेला संवेदक जमिनीतील ओलावा मोजतो आणि ते मोजमाप बॅटरीवरचा छोटा रेडिओ विहिरीवरच्या गेटवेकडे, म्हणजे सगळी मोजमापे गोळा करणाऱ्या यंत्राकडे, पाठवतो. पण ते तिथवर पोहोचेलच, अशी हमी रेडिओ स्वतःहून देत नाही. काळी जमीन भिजली की पुरलेल्या अँटेनाचा संकेत आणखी क्षीण होतो, म्हणून अँटेना खांबावर चढवावी लागते.

या हमीचा शोध जुना आहे. 1971 मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने सुरू केलेल्या अलोहानेट या बिनतारी जाळ्यात पोच, म्हणजे निरोप मिळाल्याचे उत्तर, आली नाही, तर थोडे थांबून निरोप पुन्हा पाठवला जाई. मात्र अनेक केंद्रे एकदम बोलू लागली की निरोपांची टक्कर होई आणि वाहिनीची जास्तीत जास्त 18 टक्के क्षमताच कामी येई. पुढे इंटरनेटच्या टीसीपी या संदेशवहनाच्या नियमावलीने पोच आणि फेरपाठवणी दोन टोकांवर सोपवली. तारेच्या जाळ्यात हे उत्तम चालले. रेडिओत मात्र पाकीट, म्हणजे निरोपाचा तुकडा, अनेकदा क्षीण संकेतामुळे हरवते, आणि टीसीपी तेही मार्गावरच्या गर्दीमुळे हरवले असे समजून विनाकारण वेग कमी करते.

शिवाय लांबचा निरोप एका रेडिओकडून दुसऱ्याकडे असा टप्प्याटप्प्याने गेटवेकडे जातो, तेव्हा हिशेबही कठोर आहे: प्रत्येक टप्प्यावर 90 टक्के निरोप पुढे गेले, तरी दहा टप्प्यांनंतर सुमारे 35 टक्केच उरतात. म्हणून 2002 मधील पीएसएफक्यू या पद्धतीने हरवलेले पाकीट मुळापासून न मागवता अलीकडच्याच शेजाऱ्याकडून मागवले. 2003 मध्ये ईएसआरटी या दुसऱ्या पद्धतीने त्याहून मूलभूत प्रश्न विचारला, आणि माझ्या मते या इतिहासातले खरे वळण तेच आहे: प्रत्येक पाकीट पोहोचायला हवे, की घटना कळण्यापुरती पाकिटे पोहोचली तरी पुरे? त्याच वर्षीच्या 802.15.4 या कमी शक्तीच्या रेडिओंसाठीच्या मानकाने जास्तीत जास्त 127 बाइटची छोटी चौकट (एका वेळी पाठवायचा माहितीचा गठ्ठा) आणि टप्प्याटप्प्यावरची पोच रूढ केली.

आता भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झ पट्ट्यात चालणारे लोरा हे लांब पल्ल्याचे रेडिओतंत्र मधले टप्पेच गाळते, परंतु गेटवे स्वतः बोलत असताना ऐकू शकत नाही, त्यामुळे प्रत्येक मोजमापाला पोच देणे परवडत नाही. ओलाव्याचे एखादे मोजमाप हुकले तर पुढचे येतेच. व्हॉल्व्ह बंद करण्याची आज्ञा हुकली, तर उन्हाळ्यासाठी शेततळ्यात राखलेले पाणी वाहून जाते. त्या एका आज्ञेची पोच मात्र, बॅटरी कितीही खर्ची पडली तरी, घ्यायलाच हवी.